महासागरावरचा टपालवाहक : ज्याँ मेर्मोझ

पॅरिसहून संध्याकाळी निघालेला प्रवासी दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जेंटिनाची राजधानी ब्यूनोस आयर्स येथे उतरतो. मधला अटलांटिक महासागर तो बहुधा झोपेतच ओलांडतो. परंतु विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेर हेच अंतर कापायला जहाजाने जाणाऱ्या पत्राला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागत असे. हा काळ काही दिवसांवर आणण्याचे काम ज्या मोजक्या वैमानिकांनी केले, त्यांत फ्रान्सच्या ज्याँ मेर्मोझचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. वाळवंट, रात्र, अँडीज पर्वत आणि महासागर असे चार अडथळे त्याच्या वाटेत एकामागून एक आले. पहिल्या तिहींतून तो सुखरूप बाहेर पडला. चौथाही त्याने तेवीस वेळा पार केला आणि चोविसाव्या वेळी तो परतला नाही. तेव्हा त्याच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला दोनच दिवस उरले होते.

मेर्मोझचा जन्म ९ डिसेंबर १९०१ रोजी उत्तर फ्रान्समधील ओबाँतों या लहानशा गावी झाला. आईवडिलांचे पटले नाही आणि ते विभक्त झाले. मुलाच्या वाट्याला काही काळ आजी-आजोबांचे कडक शिस्तीचे घर आले. पहिल्या महायुद्धात उत्तर फ्रान्स जर्मन सैन्याच्या ताब्यात गेला, तेव्हा कुटुंबाची आणखी फाटाफूट झाली. आई गाब्रिएल हिने पुढे पॅरिसमध्ये परिचारिकेचे काम करून मुलाला वाढवले. आई आणि मुलाचे हे नाते त्याच्या आयुष्यातला सर्वांत पक्का धागा ठरले. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात असला तरी तो तिला नियमित पत्रे लिहीत असे. शाळेत त्याला साहित्याची व चित्रकलेची गोडी होती, मात्र शालान्त परीक्षेची तोंडी फेरी त्याला पार करता आली नाही. पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला आणि १९२० साली वयाच्या अठराव्या वर्षी तो सैन्यात भरती झाला. विमानदल त्याने निवडले ते आकाशाच्या ओढीने नव्हे. तिथे पायदळापेक्षा बरे दिवस असतील, एवढाच हिशेब त्यामागे होता.

प्रशिक्षणाच्या काळात त्याने विमाने आपटली, स्वतःलाही इजा करून घेतली, पण १९२१ मध्ये त्याला वैमानिकाचा परवाना मिळाला. त्यानंतर त्याची नेमणूक सीरियात झाली. पहिल्या महायुद्धानंतर तो प्रदेश फ्रान्सच्या ताब्यात आला होता. तिथल्या वाळवंटावर टेहळणी करणे, जखमींना विमानातून हलवणे, दूरच्या ठाण्यांशी संपर्क ठेवणे ही त्याची कामे होती. एकदा विमान बंद पडल्यामुळे वाळवंटातून तहानेने व्याकूळ होत पायपीट करण्याची पाळीही त्याच्यावर आली. इंजिन कधीही दगा देऊ शकते आणि त्यानंतर माणसाजवळ उरतात ते फक्त स्वतःचे पाय, हा धडा तो तिथे शिकला.

१९२४ मध्ये सैन्यातून मुक्त होऊन तो पॅरिसला परतला, तेव्हा त्याच्यापाशी शेकडो तासांच्या उड्डाणांचा अनुभव होता. परंतु त्या अनुभवाला बाजारात गिऱ्हाईक नव्हते. युद्ध संपल्यामुळे बेकार वैमानिकांची संख्या मोठी होती. पाकिटांवर पत्ते लिहिणे, रात्रीचा पहारा करणे अशी मिळतील ती कामे तो करत राहिला. उपासमार झाली, निवाऱ्यांमध्ये रात्री काढाव्या लागल्या. अशा अवस्थेत तूलूझ या दक्षिणेकडील शहरातून त्याला एका कंपनीचे बोलावणे आले.

ही कंपनी पिएर-जॉर्ज लातेकोएर या उद्योगपतीची होती. युद्धकाळात विमाने बांधणाऱ्या लातेकोएरने युद्ध संपता संपता एक धाडसी योजना आखली होती. तूलूझहून स्पेनमार्गे मोरोक्को, तिथून सहाराच्या किनाऱ्याने सेनेगल आणि मग महासागरापलीकडे दक्षिण अमेरिका अशी हवाई टपालाची साखळी त्याला उभारायची होती. २५ डिसेंबर १९१८ रोजी, म्हणजे युद्धविराम होऊन दीड महिनाही झाला नव्हता तेव्हा, तूलूझ ते बार्सिलोना हे पहिले उड्डाण झाले. प्रवाशांऐवजी टपाल निवडण्यामागे व्यवहार होता. त्या काळच्या विमानांना फार वजन पेलत नसे. पत्रांचे वजन थोडे आणि त्यांवर मिळणारे शुल्क भरपूर. व्यापारी आणि बँका एकेका दिवसाच्या बचतीसाठी जादा पैसे मोजायला तयार होत्या. पत्राला थंडी वाजत नाही, की वादळात भीती वाटत नाही. भीती वाटायची ती पत्र नेणाऱ्याला.

तूलूझच्या तळाचा कारभार दिदिए दोरा या करड्या स्वभावाच्या व्यवस्थापकाच्या हाती होता. नव्या वैमानिकाला प्रथम कारखान्यात इंजिनांचे तेलकट सुटे भाग धुवायला बसवण्याची त्याची पद्धत होती. मेर्मोझनेही ते काम केले. उड्डाणाची परीक्षा देण्याची संधी मिळाली, तेव्हा आपले कसब दाखवण्यासाठी त्याने आकाशात कोलांट्या आणि गिरक्या घेतल्या. खाली उतरल्यावर कौतुक तर दूरच, दोराने त्याला घरचा रस्ता दाखवला. त्याला सर्कशीतला कसरतपटू नको होता. रोज ठरलेल्या वेळी निघून ठरलेल्या वेळी पोहोचणारा माणूस त्याला हवा होता. संतापलेला मेर्मोझ सामान आवरू लागला; पण दोराने त्याला पुन्हा विमानात बसवले आणि साधे, सरळ उड्डाण करून दाखवायला सांगितले. या वेळी तो उत्तीर्ण झाला. ऑक्टोबर १९२४ मध्ये तो कंपनीच्या नोकरीत दाखल झाला. त्याच्या पुढच्या आयुष्याकडे पाहिले, तर धाडस आणि नियमितपणा यांचा त्या दिवशी सुरू झालेला वाद शेवटपर्यंत चालू राहिलेला दिसतो.

सुरुवातीला त्याच्याकडे स्पेनमधील टप्पे होते. वापरात होती ती युद्धातून उरलेली ब्रेगे १४ जातीची दोन पंखी विमाने. वैमानिकाची जागा उघडी, समोर एकच इंजिन, बिनतारी यंत्रणा नाही. ढगांत सापडले की डोंगर कुठे आहे हे अंदाजानेच ओळखायचे. १९२६ साली त्याची बदली कासाब्लांका ते डाकार या मार्गावर झाली. या मार्गाचा मोठा भाग सहाराच्या किनाऱ्याने जात होता. त्या भागावर स्पेनचा अंमल नावापुरताच होता. तिथल्या लढाऊ टोळ्या उतरलेल्या विमानाकडे शत्रू म्हणून किंवा खंडणीची संधी म्हणून पाहत. त्यामुळे विमाने जोडीने जात. एक बंद पडले तर दुसऱ्याने शेजारी उतरून सहकाऱ्याला उचलायचे, असा दंडक होता. १९२६ मध्ये मेर्मोझचे इंजिन बिघडले आणि तो अशाच एका टोळीच्या हाती लागला. काही दिवसांच्या कैदेनंतर खंडणी भरून त्याची सुटका झाली. त्याच वर्षी कंपनीचे इतर काही वैमानिक त्याच किनाऱ्यावर मारले गेले. सुटून आलेला मेर्मोझ थोड्याच काळात पुन्हा त्याच मार्गावर उडू लागला.

कंपनीतील दोन सहकारी या काळात त्याचे जिवलग मित्र झाले. एक होता आंरी गियोमे, अबोल आणि अत्यंत काटेकोर. दुसरा आंत्वान द सेंत-एक्झ्युपेरी. पुढे ‘छोटा राजपुत्र’च्या लेखकाच्या नात्याने जगाला परिचित झालेला सेंत-एक्झ्युपेरी त्या वेळी सहारातील काप ज्युबी या एकाकी ठाण्याचा प्रमुख होता. मेर्मोझविषयी आज जगाला जी माहिती आहे, तिच्यातला मोठा वाटा या मित्राच्या लेखणीचा आहे.

१९२७ मध्ये लातेकोएरने आपला हवाई व्यवसाय मार्सेल बुइयू-लाफों या दक्षिण अमेरिकेत जम बसवलेल्या फ्रेंच भांडवलदाराला विकला आणि ‘एरोपोस्ताल’ ही कंपनी अस्तित्वात आली. ऑक्टोबर १९२७ मध्ये मेर्मोझने एलिझे नेग्रँ या सहकाऱ्यासह तूलूझ ते सेनेगलमधील सेंत-लुई हे अंतर कुठेही न थांबता जवळजवळ एका अहोरात्रात कापले. यानंतर त्याला दक्षिण अमेरिकेत मुख्य वैमानिक म्हणून पाठवण्यात आले.

१ मार्च १९२८ पासून फ्रान्स ते दक्षिण अमेरिका ही टपालसेवा सुरू झाली खरी, पण मधला महासागर जलद बोटींनीच पार करावा लागत होता. दक्षिण अमेरिकेतही एक अडचण होती. दिवसभर विमानाने जी आघाडी घेतली, ती रात्री आगगाड्या आणि जहाजे भरून काढत. कारण अंधार पडला की विमाने जमिनीवर थांबत. रात्री उडायचे नसेल तर हवाई टपालाला अर्थच उरत नाही, हे मेर्मोझने ओळखले. १६ एप्रिल १९२८ रोजी त्याने रिओ द जनेरो ते ब्यूनोस आयर्स या मार्गावर रात्रीचे पहिले टपाल उड्डाण सुरू केले. धावपट्टीवर दिवे नव्हते. पेट्रोलचे डबे पेटवून उतरण्याची जागा दाखवली जाई. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेषा हाच नकाशा होता. सुरुवातीला सहकाऱ्यांना हा वेडेपणा वाटला. पण मेर्मोझने आधी स्वतः उडून दाखवले आणि मगच इतरांना सांगितले, त्यामुळे काही महिन्यांतच रात्रीचे उड्डाण हा नित्यक्रम झाला.

पुढचा अडथळा अँडीजचा होता. अर्जेंटिना आणि चिली यांच्यामध्ये सहा-सात हजार मीटर उंचीच्या शिखरांची भिंत उभी आहे, आणि मेर्मोझच्या हाती असलेले लाते २५ हे विमान साडेचार हजार मीटरच्या वर फारसे चढत नसे. शिखरांवरून वाहणाऱ्या वाऱ्याच्या वर जाणाऱ्या झोतात विमान अलगद सोडायचे आणि त्याच्या आधाराने खिंड ओलांडायची, हाच मार्ग होता. मार्च १९२९ मध्ये अलेक्सांद्र कोल्नो या यंत्रज्ञासह तो हा प्रयोग करत असताना विमान खाली ओढणाऱ्या झोतात सापडले आणि सुमारे चार हजार मीटर उंचीवरच्या एका लहानशा पठारावर आदळले. सभोवती कडे, खोल दऱ्या आणि हाडे गोठवणारी थंडी. अन्न जवळपास नाहीच. दोघांनी पायी उतरण्याचा प्रयत्न करून पाहिला, पण त्या उंचीवर ते जमणारे नव्हते.

कोल्नोने मग विमानाच्या दुरुस्तीला हात घातला. मोडलेले भाग तारेने बांधले, थंडीने फुटलेल्या नळ्या कापडाच्या चिंध्यांनी आणि हाताशी असलेल्या वस्तूंनी बुजवल्या. जे जे काढून टाकता येईल ते ते काढून विमान हलके केले. तीन दिवसांच्या या खटपटीनंतर दोघांनी ते उतारावर वर ढकलत नेले. मेर्मोझने उताराची आधी पायी पाहणी केली होती. मध्ये दऱ्यांनी तुटलेले टप्पे होते. उताराने धावत विमान पहिल्या टप्प्यावरून दुसऱ्यावर उसळले, तिथून तिसऱ्यावर आणि मग दरीत झेपावून हवेवर स्थिरावले. चिलीतील कोपियापो येथे ते उतरले, तेव्हा त्या उंचीवरून विमान परत आले यावर लोकांचा विश्वास बसेना. पुढे डोंगरात गेलेल्या माणसांना तिथे टाकून दिलेले सुटे भाग सापडले, तेव्हा शंका फिटली. या घटनेत मेर्मोझचे नाव गाजले, पण तो स्वतः श्रेयाचा मोठा वाटा कोल्नोला देत असे. जुलै १९२९ मध्ये ब्यूनोस आयर्स ते चिलीतील सांतियागो ही नियमित टपालसेवा सुरू झाली. तिथे गियोमेने पुढे इतक्या फेऱ्या केल्या की अँडीज आणि गियोमे ही नावे एकत्रच घेतली जाऊ लागली.

आता उरला होता महासागर. दक्षिण अटलांटिक त्याआधी विमानाने ओलांडला गेला नव्हता असे नाही. १९२२ मध्ये पोर्तुगालच्या कुतिन्यू आणि काब्राल यांनी टप्प्याटप्प्याने आणि १९२७ मध्ये फ्रान्सच्या कोस्त आणि ल ब्री यांनी न थांबता तो पार केला होता. पण पराक्रम म्हणून एकदा जाणे वेगळे आणि टपालाची पिशवी घेऊन जाण्याचा मार्ग आखणे वेगळे. मेर्मोझला दुसरी गोष्ट करायची होती. समुद्रावरील टपाल वाहतुकीसाठी पाण्यावर उतरणारेच विमान हवे असा सरकारी आग्रह होता. म्हणून लाते २८ या एका इंजिनाच्या विमानाला चाकांच्या जागी पाण्यावर तरंगणारे फ्लोट बसवण्यात आले. सागरी विमान चालवण्याचा परवाना मेर्मोझने नव्याने मिळवला आणि एप्रिल १९३० मध्ये त्याच विमानातून तीस तासांहून अधिक काळ उडत ४,३०८ किलोमीटरचा विक्रम केला. विमानाची क्षमता सिद्ध झाली.

१२ मे १९३० रोजी मार्गदर्शक ज्याँ दाब्री आणि बिनतारी संदेशक लेओपोल्द जिमिए यांच्यासह त्याने सेंत-लुईहून उड्डाण केले. बरोबर सव्वाशे किलोच्या आसपास टपाल होते. विषुववृत्ताच्या उत्तरेला त्यांना खलाशी ज्याला पिढ्यान्‌पिढ्या घाबरत आले तो ढगांचा पट्टा लागला. दोन्ही गोलार्धांतले व्यापारी वारे इथे एकत्र येतात, तापलेली दमट हवा वर चढते आणि प्रचंड गडगडाटी ढग उभे राहतात. आपल्याकडचा मोसमी पाऊसही याच पट्ट्याच्या उत्तरेकडे सरकण्याशी निगडित आहे. रात्रीच्या काळोखात समुद्रातून आकाशापर्यंत उभ्या राहिलेल्या जलस्तंभांच्या मधून, चंद्रप्रकाशाच्या फटींचा माग काढत मेर्मोझने विमान नेले. केबिनमध्ये कोमट पाणी गळत होते आणि उकाड्याने जीव गुदमरत होता. जिमिए तशाही अवस्थेत किनाऱ्यावरच्या व बोटींवरच्या केंद्रांशी संपर्क साधून दिशा मिळवत राहिला. सुमारे एकवीस तासांनी, १३ मे रोजी, विमान ब्राझीलमधील नाताल येथे पाण्यावर उतरले. तीन हजारांहून अधिक किलोमीटरचा महासागर टपालासह पार झाला होता.

या आनंदावर एका वार्तेची गडद सावली होती. मेर्मोझच्या स्वागतासाठी नातालकडे निघालेले एरोपोस्तालचे दक्षिण अमेरिकेतील संचालक ज्युलियाँ प्रांव्हील आणि त्याचा जुना सहकारी नेग्रँ यांचे विमान १० मे रोजी धुक्यात ला प्लाता नदीच्या विस्तीर्ण मुखात कोसळले. दोघेही बिनतारी संदेशकासह बुडाले. पुढच्याच महिन्यात गियोमे अँडीजच्या बर्फात कोसळला आणि कित्येक दिवस चालत राहून जिवंत परतला. एरोपोस्ताल आणि तिच्या पूर्वीच्या कंपनीतील शंभराहून अधिक माणसांनी या मार्गांवर प्राण गमावले. पत्र चार दिवस लवकर पोहोचावे यासाठी ही किंमत योग्य होती का, हा प्रश्न त्या काळीही विचारला जात होता. मेर्मोझकडे त्याचे तत्त्वज्ञानी उत्तर नव्हते. मार्ग सुरू झाला की तो सुरक्षित करता येतो आणि सुरक्षित करायचा तर विमाने चांगली हवीत, एवढेच तो जाणत होता.

परतीच्या प्रवासाने त्याच्या या मताला पुष्टी मिळाली. नाताल येथील सरोवरातून टपालाने आणि इंधनाने जड झालेले विमान वाऱ्याअभावी पाणी सोडेना. अनेक प्रयत्न फसल्यानंतर ८ जुलै १९३० रोजी ते कसेबसे उडाले. पण आफ्रिकेचा किनारा काही तासांवर असताना इंजिनातून तेल गळू लागले. कंपनीची ‘फोसे’ ही बोट जवळ असल्याचे जिमिएने बिनतारी यंत्रणेवरून हेरले आणि मेर्मोझने खवळलेल्या समुद्रात तिच्याजवळ विमान उतरवले. तिघे वाचले, टपालाच्या पिशव्या वाचल्या, विमान मात्र बुडाले. एका इंजिनाच्या भरवशावर महासागर ओलांडणे हा जुगार आहे, हे आता स्पष्ट झाले होते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मेर्मोझने ब्यूनोस आयर्समधील फ्रेंच कुटुंबातल्या झिल्बेर्त शाझोतशी विवाह केला. संसाराला स्थैर्य येण्याआधीच नोकरीतले स्थैर्य गेले. जागतिक मंदी, दक्षिण अमेरिकेतील राजकीय उलथापालथी आणि सरकारने अडवून धरलेले साहाय्य यांमुळे मार्च १९३१ मध्ये एरोपोस्ताल अवसायनात निघाली. महासागरी मार्गाचा प्रश्न लोंबकळत राहिला. याच सुमारास रने कुझिने या तरुण अभियंत्याच्या ‘आर्क-आं-सिएल’ म्हणजे ‘इंद्रधनुष्य’ या तीन इंजिनांच्या विमानाकडे मेर्मोझचे लक्ष गेले. या विमानाचे पंख मुळाशी इतके जाड होते की यंत्रज्ञाला उड्डाण चालू असताना आतून सरपटत इंजिनापर्यंत पोहोचता येई. १६ जानेवारी १९३३ रोजी कुझिनेला बरोबर घेऊन मेर्मोझने सेंत-लुई ते नाताल हे अंतर १४ तास २७ मिनिटांत कापले. मे महिन्यातील परतीच्या उड्डाणात एक इंजिन निकामी झाले, तरी उरलेल्या दोन इंजिनांवर विमान आफ्रिकेला पोहोचले. १९३० मध्ये जे विमान समुद्रतळाशी गेले, त्याच्या तुलनेत हा फरक बोलका होता.

परंतु पॅरिसमधील हवाई मंत्रालयाची गती वेगळी होती. विमानात बदल सुचवले जात, चाचण्या लांबत, निर्णय पुढे ढकलले जात. १९३३ मध्ये फ्रान्सच्या हवाई कंपन्या एकत्र करून ‘एअर फ्रान्स’ स्थापन झाली आणि एरोपोस्तालचा वारसा तिच्याकडे आला. तोवर जर्मनीच्या लुफ्तहान्साने जोर धरला होता. महासागरात उभ्या केलेल्या जहाजावरून यांत्रिक झेपेने सागरी विमाने उडवण्याची युक्ती योजून तिने फेब्रुवारी १९३४ मध्ये दक्षिण अटलांटिकवर नियमित टपालसेवा सुरू केली. ज्या वाटेवर आपल्या सहकाऱ्यांनी प्राण वेचले, तिथे दुसरे पुढे निघून जात आहेत, ही गोष्ट मेर्मोझला सलत होती. अधिकाऱ्यांच्या दालनांत, सभांमध्ये, वृत्तपत्रांत तो चांगल्या विमानांसाठी भांडत राहिला. अखेर जानेवारी १९३६ मध्ये एअर फ्रान्सची साप्ताहिक सेवा पूर्णपणे हवाई झाली. टपालवाहू बोटींचा टप्पा संपला.

या झगड्यातून आलेली निराशा त्याच्या राजकारणातही उतरली. संसदीय राजकारणाचा त्याला वीट आला होता. तो कर्नल द ला रोक यांच्या ‘क्रुआ द फ’ या उजव्या, राष्ट्रवादी संघटनेत सामील झाला. १९३६ मध्ये त्या संघटनेवर बंदी येऊन तिच्या जागी नवा पक्ष निघाला, तेव्हा तो त्याचा उपाध्यक्ष झाला. त्याच्या काही चाहत्यांना हे रुचले नाही आणि आजही त्याच्या चरित्रातील हा भाग वादाचा आहे. त्याच्या नावाभोवतीच्या झळाळीत ही बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. मृत्यूमुळे त्याचा राजकीय प्रवास अर्ध्यावरच थांबला. पुढच्या काळात तो कोणत्या बाजूला उभा राहिला असता, याचे तर्कच करता येतात.

१० फेब्रुवारी १९३६ रोजी ‘व्हील द ब्यूनोस आयर्स’ हे सागरी विमान अटलांटिकवर नाहीसे झाले. त्यात अँडीजच्या पठारावर मेर्मोझला जीवदान देणारा कोल्नो होता. ना विमान सापडले, ना माणसे. या आघाताने मेर्मोझ अंतर्बाह्य हादरला. वापरात असलेल्या सागरी विमानांविषयीची त्याची नाराजी आणखी तीव्र झाली. पण तो स्वतः त्याच विमानांतून उडत राहिला, कारण मार्ग बंद ठेवणे त्याला मान्य नव्हते.

या विमानांपैकी एक होते लाते ३००, चार इंजिनांचे, ‘क्रुआ द्यु स्यूद’ नावाचे. दक्षिण आकाशातील ज्या तारकासमूहाचे हे नाव आहे, त्याला आपण त्रिशंकू म्हणतो. ३ जानेवारी १९३४ रोजी या विमानाने पहिल्यांदा दक्षिण अटलांटिक ओलांडला होता. ७ डिसेंबर १९३६ रोजी पहाटे मेर्मोझ ते घेऊन डाकारहून निघाला. बरोबर सहवैमानिक पिशोदू, मार्गदर्शक एझाँ, संदेशक क्रुव्हेलिए आणि यंत्रज्ञ लाव्हिदाली होते. थोड्याच वेळात मागच्या उजव्या इंजिनाच्या पंख्यात बिघाड जाणवला आणि मेर्मोझ परत फिरला. दुसरे विमान तयार नव्हते. यंत्रज्ञांनी तपासणी करून डागडुजी केली. टपाल रखडले होते, घड्याळ पुढे सरकत होते. सकाळी सातच्या सुमारास विमान पुन्हा उडाले.

१० वाजून ४७ मिनिटांनी डाकारच्या केंद्राला एक त्रोटक संदेश मिळाला. मागचे उजवे इंजिन बंद करत असल्याची ती सूचना होती. त्यानंतर काहीही ऐकू आले नाही. त्या इंजिनाचा पंखा निखळून विमानाचा मागचा भाग कापला गेला असावा, असा तर्क पुढे मांडला गेला. इतर विमानांनी आणि जहाजांनी शोध घेतला, पण अवशेष हाती लागले नाहीत. त्या इंजिनावर संशय असताना मेर्मोझने दुसऱ्यांदा उड्डाण का केले, हा प्रश्न त्याच्या मित्रांनाही छळत राहिला. तूलूझच्या मैदानावर बारा वर्षांपूर्वी दोराने ज्या नियमितपणाची दीक्षा दिली होती, तिचेच ओझे त्या सकाळी त्याच्या खांद्यावर असावे. कसरतीची हौस त्याने केव्हाच सोडली होती. वेळापत्रक सोडणे त्याला जमले नाही.

३० डिसेंबर १९३६ रोजी पॅरिसमध्ये राष्ट्रातर्फे त्याला मानवंदना देण्यात आली. शवपेटीविना झालेला तो सोहळा होता. १९३८ मध्ये त्याचा मित्र, पत्रकार व कादंबरीकार जोसेफ केसेल याने त्याचे चरित्र लिहिले. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘तेर दे झोम’ या पुस्तकात सेंत-एक्झ्युपेरीने त्याच्या आठवणींना जागा दिली. दोन्ही जिवलगांचा शेवटही समुद्रावरच झाला. गियोमेचे विमान नोव्हेंबर १९४० मध्ये भूमध्य समुद्रावर पाडले गेले आणि जुलै १९४४ मध्ये त्याच समुद्रावर सेंत-एक्झ्युपेरी नाहीसा झाला. फ्रान्समधील कितीतरी रस्ते आणि शाळा आज मेर्मोझच्या नावाने ओळखल्या जातात.

त्याच्या मागे उरलेली खरी ठेव मात्र रस्त्यांच्या पाट्यांवर सापडत नाही. रात्री उड्डाण करणे, जमिनीवरील केंद्रांशी अखंड संपर्क ठेवणे, महासागरासाठी एकाहून अधिक इंजिनांचा आग्रह धरणे, मार्गदर्शक आणि संदेशक यांना वैमानिकाइतकेच महत्त्व देणे या गोष्टी लांब पल्ल्याच्या हवाई वाहतुकीचा पाया ठरल्या. त्या सर्वांसाठी त्याने कधी आकाशात, तर कधी सरकारी दालनांत झुंज दिली होती. महासागर मात्र आजही तोच आहे. १ जून २००९ रोजी रिओ द जनेरोहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान याच ढगांच्या पट्ट्यात कोसळले आणि २२८ जण मृत्युमुखी पडले. त्याचे अवशेष २०११ मध्ये समुद्रतळाशी सापडले, चौकशी झाली, वैमानिकांच्या प्रशिक्षणात आणि उपकरणांत सुधारणा झाल्या. मेर्मोझच्या विमानाबाबत अशी उत्तरे मिळाली नाहीत. त्या दिवशीच्या टपालाच्या पिशव्याही त्याच्याबरोबरच गेल्या. त्यांतली पत्रे कुणाच्या तरी घरची, व्यापाराची, खुशालीची साधी पत्रे होती. तीन खंडांवर त्यांची वाट पाहणाऱ्या माणसांना ओळखत नसतानाही, ती वेळेवर पोहोचावीत हेच मेर्मोझने आयुष्यभराचे काम मानले होते.